हार्टच्या झटक्यानंतर हट्टी नवऱ्याला घरी आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची फलटणला पिठाची गिरणी आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, पहाटे पाचला, यांच्या छातीवर दाब आल्यासारखं झालं. पित्त असेल म्हणून यांनी सोडा प्यायला, मी ओवा दिला, आणि दीड तास तसाच गेला. दरदरून घाम फुटला तेव्हा कुठे हललो. हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती. अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे बारीक नळी घालून बंद वाहिनी उघडली, ती उघडी राहायला एक स्टेंट बसला, पाचव्या दिवशी घरी आलो. यांचं वय तेव्हा ६३.

तेव्हापासून ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायका मला फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. डोस किती, गोळी कधी बंद, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. घरात काय काय होतं आणि त्याला कसं तोंड द्यायचं, तेवढं माझ्याकडून घ्या.

दुसऱ्याच दिवशी "मला घरी ने" म्हणतायत. सही करून आणू का?

नका आणू. झटक्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस हृदयाचे ठोके अचानक बिघडण्याची भीती सगळ्यात जास्त असते. छातीला वायरी लावून ठेवतात ते त्यासाठीच. त्या वेळी माणूस दवाखान्यात असेल तर शॉक देऊन वाचू शकतो. घरी असेल तर आपल्या हातात काही नसतं.

पण हे तुम्ही सांगून उपयोग नाही. बायकोचं म्हणणं म्हणजे काळजी, आणि काळजीला उत्तर देण्याची यांना पस्तीस वर्षांची सवय असते. आमच्याकडे रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरांनी यांना मॉनिटरवरची रेघ दाखवली, कुठली ठीक आणि कुठली वाईट ते समजावलं, आणि म्हणाले, "काका, उद्या सकाळपर्यंत हिच्यावर तुम्हीच लक्ष ठेवा." रात्रभर हे रेघ बघत पडून राहिले. घरी जायचं नाव काढलं नाही. डॉक्टरांना विनंती करा की जे सांगायचं ते थेट पेशंटला सांगा, आणि कशासाठी थांबायचं आणि किती दिवस तेही सांगा.

डिस्चार्जच्या दिवशी काय काय मागून घ्यायचं?

डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, शेवटच्या ईसीजीची प्रत, टूडी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट, आणि स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर. सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये, तुमच्याही आणि मुलांच्याही. घरी आल्यावर पुन्हा छातीत दुखलं तर नव्या ईसीजीशी ताडून बघायला जुना लागतो.

बिल नीट वाचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती, नंतर वेळोवेळी बदलत आली. स्टेंटची किंमत बिलात वेगळी दाखवलेली असली पाहिजे. रेशनकार्ड असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं आधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, दाखल करतानाच. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. चौकशीसाठी १५५३८८ हा नंबर आहे.

आणि एक गोष्ट आम्ही विसरलो होतो, तुम्ही विसरू नका: घरी आधीपासून चालू असलेल्या गोळ्या दाखवून कुठल्या चालू ठेवायच्या, कुठल्या टाकून द्यायच्या ते लिहून घ्या. हे गुडघ्यासाठी दुकानातून आणून अंगदुखीच्या गोळ्या खायचे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या आता चालत नाहीत. हृदयावर ताण येतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

"अँजिओप्लास्टी झाली, नळी साफ झाली, मला काही झालेलं नाही" असं म्हणतात.

सगळेच म्हणतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पोट फाडलं नाही, टाके नाहीत, मनगटावर एक छोटीशी पट्टी. चौथ्या दिवशी माणूस पायाने चालत जिना उतरतो. मोठं काही झालं असं वाटणार कसं?

यांना मी गिरणीच्या भाषेत सांगितलं. पट्टा तुटला होता, नवा बसवला. पण पट्टा तुटला तेव्हा मोटारीवर जो लोड आला तो आलाच, आणि बाकीचे पट्टे तितकेच जुने आहेत. रक्त मिळालं नाही तेवढ्या वेळात हृदयाच्या स्नायूला मार बसतो, तो भरून यायला साधारण सहा आठवडे लागतात. स्टेंटने एक जागा उघडली, चरबी साठण्याचा आजार सगळ्या रक्तवाहिन्यांत असतो.

एकोच्या रिपोर्टवर 'ईएफ' म्हणून आकडा असतो. प्रत्येक ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो. निरोगी माणसाचा साधारण ५५ ते ७०. यांचा ४० आला होता आणि मी रात्रभर रडले. कोणी सांगितलं नव्हतं की झटक्यानंतर लगेचचा आकडा बऱ्याचदा कमी येतो, कारण काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. तीन महिन्यांनी ५० आला. सगळ्यांचा एवढा वाढतो असं नाही, पण पहिल्या आकड्यावर आयुष्याचा हिशेब मांडू नका.

गोळ्या घेत नाहीत, किंवा "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करतात.

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

स्टेंट ही धातूची जाळी असते. शरीराला ती परकी. तिच्यावर आतून शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि झाली तर वाहिनी क्षणात बंद होते. त्यासाठी दोन गोळ्या असतात. एक अ‍ॅस्पिरिन, आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. झटक्यानंतर ही जोडी बहुधा वर्षभर चालते, पुढे एक कायमची राहते. या दोन्हींतली कुठलीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी नाही, आयुर्वेदिक काढा सुरू केला तरी नाही, उपवास असला तरी नाही. दाताच्या डॉक्टरांनी "चार दिवस बंद ठेवा" सांगितलं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखं होतं. यांना झालं. "गोळीच मला मारतेय" म्हणून दोन दिवस यांनी ती उशीखाली लपवली. मला गादी झटकताना चार गोळ्या सापडल्या. माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी तपासून गोळी बदलून दिली, पाच मिनिटांचं काम. म्हणून घरात हे पक्कं करा की त्रास होत असेल तर तक्रार करायची पूर्ण मुभा आहे, बंद करायची नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखतं, बीपीच्या गोळीने उठताना चक्कर येते, काहींना कोरडा खोकला येतो. या सगळ्यांना पर्याय असतात. काळी शी, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा फुटणं, हे मात्र त्याच दिवशी कळवायचं.

आता घ्यायला कसं लावायचं. पहिले तीन आठवडे मी पाण्याचा पेला घेऊन मागे फिरत होते. "घेतली का? दाखवा तोंड." रोज भांडण. मग माझ्या लक्षात आलं की या माणसाने चाळीस वर्षं गिरणीत दळणाची वही ठेवलीय, कुणाचे किती किलो, कुणाची उधारी किती, एक आकडा चुकलेला नाही. मी बाजारातून तशीच लांबट वही आणली, आठवड्याच्या गोळ्यांचा कप्प्यांचा डबा आणला, आणि दोन्ही यांच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, "अहो, हा हिशेब मला जमत नाही." रविवारी रात्री हे चष्मा लावून डबा भरतात. वहीत गोळी, वेळ, बीपी, नाडी, वजन. त्या दिवसापासून मी एकदाही विचारलेलं नाही. बघते, पण ते झोपल्यावर वहीत.

छातीत दुखलं तर गॅस आहे की हार्ट, हे कसं ओळखायचं?

घरी ओळखायचं नाही. आम्ही ओळखायला गेलो आणि दीड तास घालवला.

छातीवर दडपण, जबडा, खांदा, डावा हात किंवा पोटाच्या तोंडाशी कळ, घाम, मळमळ, अचानक दम: यातलं काहीही झालं तर हातातलं काम सोडून बसायचं. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती बसूनच ठेवायची, कारण बीपी उतरून माणूस पडतो. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. फुकट आहे, डॉक्टर बरोबर येतो. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. मधुमेह असेल तर कधीकधी दुखणं फारसं जाणवतच नाही, नुसता घाम आणि गळाल्यासारखं होतं, म्हणून तिथे जास्त सावध.

फोन कोणी करायचा, फाइल कुठे आहे, दाराची किल्ली कोणाकडे, हे आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे फ्रिजवर कागद चिकटवलाय. "तुला उगाच घाबरायची हौस" असं ते म्हणणारच. दुखत असलेल्या माणसाची परवानगी घ्यायची नाही, फोन लावायचा.

जेवणात काय बदलायचं? वेगळं केलं की ताटच सरकवतात.

वेगळं करूच नका. एकाचं पथ्याचं आणि चौघांचं चमचमीत, असं ताट समोर आलं की माणसाला आपण घरात राहून घराबाहेर पडलो असं वाटतं. सगळ्या घराचं एकच.

मीठ सगळं मिळून माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद केलं, कोणाला आठवडाभरात कळेनासं झालं. लोणचं, पापड, सांडगी मिरची, खारे दाणे, फरसाण, सुकट यांतच मीठ लपलेलं असतं. सैंधव मीठ हेही मीठच. आणि बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा किडनी कमजोर असेल तर ते घातक ठरू शकतं, विचारल्याशिवाय आणू नका.

तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा. आम्ही महिन्याच्या पहिल्या तारखेला चौघांचं दोन लिटर वेगळं काढतो, संपलं की संपलं. वनस्पती तूप, बेकरीचे खारी-टोस्ट बंद. अंडी-मासे डॉक्टरांनी सांगितलेल्या बेताने. मटणाचा रस्सा केला तर तर्री काढून, आणि महिन्यातून एखादा.

सोडायला लावू नका अशाही गोष्टी आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळी, ताक हे आपलं रोजचं जेवण हृदयाला चांगलंच आहे. तिखटाने हृदय बिघडत नाही, ठेच्यातलं मीठ आणि तेल कमी करा, मिरची राहू द्या. यांना ठेचा मिळतो म्हणून बाकी सगळं निमूट खातात.

उपवासाला साबुदाण्याची तुपातली खिचडी आणि तळलेले वेफर्स म्हणजे साध्या जेवणापेक्षा वाईट. राजगिरा, वरी, दही, फळं चालतील. मधुमेह असेल तर उपवासच विचारून.

तंबाखू सुटत नाही.

सुटली पाहिजे. बाकी सगळ्या पथ्यांत मागेपुढे चालेल, यात नाही. मिश्री, गुटखा, विडी, सगळं आलं. लपवून खातात आणि आपण वास घेत फिरतो, त्यातून भांडणाशिवाय काही निघत नाही. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत तंबाखूमुक्ती सेवा आहे, ते लोक पुन्हा पुन्हा फोन करून पाठपुरावा करतात. यांनी तिसऱ्या प्रयत्नात सोडली. पहिल्या दोन वेळा सुटली नाही म्हणून मी खूप बोलले, ते बोलायला नको होतं.

काम कधी सुरू करायचं? तिसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन उभे राहिले.

आमचेही राहिले. वीस किलोचा डबा उचलायला वाकले तेव्हा मी समोरच्या दुकानातून पळत आले.

मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्या हाताने आठवडाभर जड उचलायचं नाही. जांघेतून झाली असेल तर तेवढे दिवस उकिडवं बसणं, जिने चढउतार बेताने. त्या जागी सूज किंवा रक्त दिसलं तर आडवं करून घट्ट दाबून धरायचं आणि दवाखाना. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीनचारदा, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत महिन्याभरात सलग अर्धा तास. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला. जेवल्याबरोबर नाही, कडक उन्हात नाही. गाडी आणि कामावर परत जाणं डॉक्टरांना विचारून. बसून काम असेल तर लवकर, ओझ्याचं असेल तर महिना-दीड महिना किंवा जास्त.

गिरणी पूर्ण बंद ठेवायची मी जिद्द धरली होती. ती माझी चूक. घरात बसून हे भिंतीकडे बघत राहायचे. शेवटी पुतण्या डबे उचलायला आला, आणि यांना गल्ल्याजवळ खुर्ची दिली, सकाळी दोन तास. दगडाला टाकी कधी मारायची, पट्टा किती ताणायचा, हे ठरवायचं यांनीच. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची झोप लागायला लागली.

बाथरूममध्ये आतून कडी लावतात, मला भीती वाटते.

मी दाराबाहेर उभी राहायचे. त्याचा यांना संताप यायचा, आणि रास्तच होता. मग असं ठरलं की कडी लावायची नाही, आणि आत असताना अभंग म्हणायचा. आवाज येतोय तोवर मी स्वयंपाकघरात. पोट साफ होत नसेल तर कुंथू देऊ नका, इसबगोलाबद्दल डॉक्टरांना विचारा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर काही दिवस वर ठेवायची खुर्ची मिळते ती आणा.

इतके चिडतात की ओळखू येत नाहीत. मध्येच रडतात.

पस्तीस वर्षांत मी यांना दोनदा रडताना पाहिलं होतं, सासऱ्यांच्या वेळी आणि लेकीच्या पाठवणीला. घरी आल्यावर आठव्या दिवशी चहाचा कप हातात धरून रडले. "मी आता कशाचा?" एवढंच म्हणाले.

तोपर्यंत मला वाटत होतं, हे माझ्याशी हट्ट करतायत. तसं नव्हतं. ज्या माणसाने कधी दुसऱ्याला ओझं उचलू दिलं नाही त्याला सगळे मिळून खाली बसवत होते, आणि रात्री डोळा लागला की पुन्हा ती पहाट आठवत होती. "मला काही झालेलं नाही" हे ते स्वतःलाच सांगत होते. म्हणून धोक्याच्या गोष्टी ठाम काढून घ्या, थोड्याच असतात. बाकी ठरवायचं काम त्यांच्याकडेच राहू द्या: भाजी कुठली आणायची, फिरायला किती वाजता, पाहुण्यांना कधी बोलवायचं. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्याशी बोलू नका. "यांना हे चालत नाही, यांना ते देऊ नका" असं मी माणसांच्या देखत किती वेळा म्हटलं असेन.

झटक्यानंतर दर पाचातल्या एकाला खरं नैराश्य येतं. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, जगून काय करायचं असं बोलणं, हे दिसलं तर तोही आजाराचाच भाग समजून डॉक्टरांना सांगा. १४४१६ वर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, मराठीत बोलतात. मीच एकदा फोन केला होता, यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

भेटायला येणाऱ्यांचं काय करावं?

पहिले पंधरा दिवस संध्याकाळी पाच ते सहा, एवढंच. आमच्या गल्लीत हे सांगणं कठीण गेलं, पण सुनेने सांगितलं आणि कोणी रागावलं नाही. "आमच्या मेव्हण्यालाही असंच झालं, वर्षभरात गेला" अशी गोष्ट कोणी सुरू केली तर पाणी आणायच्या निमित्ताने त्यांना आत बोलवा.

नवरा-बायकोचे संबंध?

हा प्रश्न फोन ठेवता ठेवता, हळू आवाजात येतो. दोन जिने दम न लागता चढता येत असतील तर सहसा हरकत नसते. डॉक्टरांना विचारा, त्यांना हा प्रश्न रोजचा आहे. व्हायग्रासारख्या ताकदीच्या गोळ्या मात्र नाहीत. जिभेखालच्या गोळीबरोबर त्या घेतल्या तर बीपी इतकं उतरतं की जीव जाऊ शकतो.

रात्री मी त्यांचा श्वास मोजत जागी राहते.

मीही राहायचे. छातीवर हात ठेवून बघायचे, हे जागे व्हायचे आणि चिडायचे. मला झोप आली ती सीपीआर शिकल्यावर. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन स्पीकरवर लावायचा आणि छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक ठेवून, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं. अर्ध्या दिवसात शिकता येतं. सून आणि पुतण्याही शिकले. तुमचं बीपी शेवटचं कधी तपासलंत, तेही आठवून बघा. माझं १६० निघालं.

वारीला जाणारच म्हणतात.

माउलींची पालखी आमच्या फलटणवरून जाते. हे दरवर्षी इथून पुढे चालायचे, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, सगळे मुक्काम करत. त्या वर्षी आषाढी झटक्यानंतर पाच-सहा महिन्यांवर आली. मी 'नाही' म्हणणार होते. पण 'नाही' म्हटलं असतं तर हे न सांगता गेले असते, तेही गोळ्यांशिवाय. म्हणून दोघं डॉक्टरांकडे गेलो. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी, झाली, एको झाला. पूर्ण वाट नाही, शेवटचा टप्पा चाला, असं ठरलं: ऊन चढायच्या आत, पाणी बरोबर, दिंडीतल्या दोघांना सगळं सांगून, डिस्चार्ज कार्डाची प्रत खिशात.

वाखरीपर्यंत गाडीने गेलो. तिथून पंढरपूर हे चालले, मी यांच्या मागे. सकाळची गोळी वाखरीच्या तळावर, चहाच्या आधी, सहा वाजून दहा मिनिटांनी घेतली. वहीत तशी नोंद आहे, यांच्याच अक्षरात.